बंद होऊन राहिली

१३ मार्च १९६६, अमरावती

रविवार. अकोल्याहून खोकं आलं. बसच्या टपावरून उतरवताना हमालानं आपटलं, म्हणजे आपटण्याची चाचणी आजच झाली. खोक्यावर गुलाबभाऊचं, माझ्या मानलेल्या भावाचं, अक्षर. मॅट्रिकची दोन वर्षं मी अकोल्याला त्याच्या एका खोलीत काढली, सोल्डरिंग त्याच्याजवळच शिकलो, छप्पनला दीक्षेला नागपूरला गेलो तेही त्याच्याच शेजारी बसून. आत पत्र्याचा माणूस, सुटा सुटा. वर चिठ्ठी: "किसना, नटबोल्ट मोजून घे. मंग म्हनशीन भाऊनं कमी देल्ले."

मोजले. दोन जास्तच निघाले.

पुण्याच्या समितीनं शाळांसाठी विज्ञान-छंदाचे संच मागवले आहेत. मान्यता मिळेल तो संच राज्यभर जाणार. एकाची तपासणी आमच्या शाळेकडे, आणि तो नेमका भाऊचा. ओळख आहे हे हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, शाळेत रिले ओळखणारे तुम्ही एकटे. ओळख आहे तर दुप्पट कडक तपासा.

तपासीन. पण ही वही माझी आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. भाऊ जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन. वीस हंगाम कापसाची धूळ छातीत गेली आहे. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की आता एकही हंगाम नको. मान्यता मिळाली तर घरीच वर्कशॉप, जिन सुटली. नाही मिळाली तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा जिन. फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

१५ मार्च

जोडला. सव्वादोन तास लागले, त्यातला अर्धा तास माझ्याच चुकीनं. उंची हातभर. पायांच्या जागी चाकं, दोन मोटरी भाऊनं घरी गुंडाळलेल्या. पाठीत पाटी बसते: बेकेलाइटची, तिच्यावर टेलिफोनच्या भंगारातले चार रिले (विजेनं आपोआप उघडमिटणारे स्विच) आणि घड्याळासारखा चावीवर फिरणारा लाकडी ढोल. ढोलाला भोकं, भोकांत खुंट्या. हिरवी आली की चाल, पिवळी आली की वळ, लाल आली की थांब. मुलानं खुंट्या मनासारख्या रोवायच्या, चावी द्यायची आणि बाजूला व्हायचं. भाऊ तिला हुकूमपाटी म्हणतो.

चांगली आहे. खोटं कशाला बोलू, खुंट्या बदलून बदलून तासभर चालवत बसलो. परदेशी मासिकात असल्या पाट्यांची चित्रं पाहिली आहेत. हा माणूस चौथी शिकलेला.

संचाचं नाव त्यानं 'सालदार' ठेवलं. 'यंत्रमानव' ठेव म्हणून मी दिवाळीतच सांगितलं होतं. ऐकलं नाही. त्याचा बाप मूर्तिजापूरकडे पाटलाच्या शेतावर सालानं बांधलेला गडी होता. "माह्या बापानं तीस वर्सं हुकूम आयकले," म्हणाला, "आता पोट्टे हुकूम देतीन आन् पत्रा आयकन."

२१ मार्च

हाताळणीची चाचणी. नववीच्या चार मुलींना संच दिला, मी लांब बसलो. त्यांनी वीस मिनिटांत सालदाराला टेबलाभोवती फेरी मारायला लावली, कोपऱ्यावर थांबवून पुन्हा चालवला. एक स्क्रू हरवला. कलम ३, ४, ५ उत्तम.

त्यातली एक म्हणाली, सर, तो वळून राहिला. मी तिथल्या तिथे थांबवलं. 'वळतो आहे' असं दहादा लिहून आणायला सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला.

घरी आल्यावर बायको, सुमन, म्हणते, तुम्हाला त्या 'राहिला'चं काय वावडं आहे? तिला कसं सांगू? नागपूरला कॉलेजात पहिल्याच महिन्यात मी उभा राहून म्हणालो, "सर, मी प्रयोग करून राहिलो." प्राध्यापकांनी विचारलं, करून कुठे राहिलात, वसतिगृहात का? वर्ग किती वेळ हसत होता. 'मले', 'तुले', 'काहून' तोंडातून घालवायला चार वर्षं लागली. आमच्या पोरांची परीक्षा पेपराआधी तोंडावरून होते. म्हणून मी कडक आहे. तिवशाहून आई आली की तिच्याशीसुद्धा पुस्तकी बोलतो. ती हसते आणि उठून कामाला लागते.

२६ मार्च

उष्णतेची चाचणी. प्रयोगशाळेचं पत्र्याचं छप्पर, दुपारी एक. पंधरा मिनिटं ठीक. सोळाव्या मिनिटाला लाल खुंटी आली, सालदार थांबला नाही. तीन नंबरचा रिले चिकटलेला. चालत चालत टेबलावरून खाली गेला. डावा खांदा चेपला, मोटरीला जळका वास.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

२७ मार्च

लिहिलं. 'तापल्यावर थांबण्याचा हुकूम पाळत नाही. या स्थितीत मान्यतेस अयोग्य.'  लिहिलं नसतं तर कुठल्या तरी शाळेत पोरानं बोट भाजून घेतलं असतं.

नियमाप्रमाणे बनवणाऱ्याला दुरुस्तीची एक संधी आहे. भाऊला सविस्तर पत्र. उत्तर काय येईल याची भीती वाटते. रागावला तर बरं, हात जोडले तर काय करू?

२ एप्रिल

भाऊचं कार्ड. "तू धरलं ते बरं केलं. मले वाटलंच होतं का तीन नंबर दगा देईन. इकडं ये, मले प्रवास होत नाई." रागही नाही, विनवणीही नाही. मीच उगाच काळजीत होतो.

१० एप्रिल, अकोला

रविवार. सकाळच्या गाडीनं सालदार मांडीवर घेऊन आलो. भाऊ वाळला आहे. हसला की खोकला येतो, म्हणून हसायचं टाळतो, आणि हा तर सतत थट्टा करणारा माणूस. वहिनीनं ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, भाऊजी, काय ते नीट लिवा.

भाऊनं रिले खोलला. टोकं जळलेली होती, ती घासली. जुन्या मनगटी घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा कापून मागे बसवला. मग आम्ही दोघांनी सालदाराला अंगणात उन्हात उभं केलं आणि दुपारभर लाल खुंटी तपासत बसलो. चाळीस खेपा. चाळीसही वेळा थांबला, पुढच्या हिरव्या खुंटीला चालू लागला. एकदाही चुकला नाही. भाऊ मोठ्यानं मोजत होता. तिसाव्यापुढे त्याला दम लागला, मग बोटांनी मोजू लागला.

साडेचारचं टपाल पकडायचं होतं. मी पायरीवर बसून कलम ७ भरलं. भाऊ खुंट्या काढता काढता सांगत होता: "लिव, लाल खुंटी आली का मोटर बंद होऊन रायली."

मी नीट करून लिहिलं. 'का'चं 'की' केलं, 'रायली'चं 'राहिली'. लाल खुंटी आली की मोटर बंद होऊन राहिली. चाळीस पैकी चाळीस. खाली सही. तीन प्रती: पुणे, शाळा, भाऊ.

आधीचा 'अयोग्य' शेरा दुरुस्तीपूर्वीचा, असंही वर लिहिलं. पाकीट स्टेशनावर जाऊन टाकलं. परतीच्या गाडीत फार दिवसांनी हलकं वाटलं. दिवसभर वऱ्हाडीत बोललो होतो, जीभ सैल झाली होती.

२४ मे

काही नाही. ऊन. शाळा बंद. भाऊनं वर्कशॉपसाठी ओसरीला कुडाची भिंत घातल्याचं कळवलं. त्यानं थोडं थांबायला हवं होतं.

९ जुलै, अमरावती

पुण्याहून एकाच टपालानं दोन पाकिटं.

एक: 'सालदार' संच नामंजूर. 'कलम ७ नुसार लाल खुंटीनंतर मोटर बंद होऊन राहिली, म्हणजे पुन्हा सुरू झाली नाही, असा तपासनिसाचा स्पष्ट अभिप्राय आहे. चाळीसही वेळा हाच अनुभव आल्याने नियंत्रण-पाटी विश्वसनीय मानता येत नाही. अहवालात लेखनदोष असल्यास तपासनिसाने महिन्याच्या आत कळवावे.'

दोन: माझा अहवाल 'स्वच्छ व नेमक्या मराठीत' असल्याने विज्ञान-हस्तपुस्तिकेच्या भाषा-उपसमितीवर माझं नाव सुचवलं आहे. सप्टेंबरात पुण्याला बैठक.

पहिलं पाकीट चार वेळा वाचलं. कोणी लबाडी केली? मी असं कुठे लिहिलं?

१० जुलै

रविवार असूनही शिपायाकडून शाळा उघडवून तिथली प्रत आणली. तेच वाक्य, माझंच अक्षर. तरी उमजेना. सुमनला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, बरोबर तर आहे, लाल खुंटी आली की बंद होऊन राहिली. मग?

मग तेच वाक्य त्या प्राध्यापकांच्या आवाजात मनात वाचलं.

बंद होऊन राहिली. बंद झाली ती झाली, तशीच राहिली.

आमच्याकडे याचा अर्थ: बंद होते आहे, दर वेळी होते आहे, पाहा. तिकडे याचा अर्थ: संपली. दोन्ही अर्थ मला येतात, नऊ वर्षं येतात. पोरांना त्याच शब्दासाठी दहादा लिहायला लावतो. आणि त्या दिवशी पायरीवर बसून मी फक्त 'ह' घातला आणि शुद्ध झालं म्हणून सही ठोकली.

कोणीही लबाडी केली नाही. त्यांनी लिहिलं तसं वाचलं.

११ जुलै

पुण्याला पत्राचा मसुदा. 'सदर वाक्य अनवधानाने वऱ्हाडी बोलीत...' इथवर लिहून थांबलो. हे पत्र ज्यांच्या टेबलावर जाईल, त्यांच्याच टेबलावर माझं 'स्वच्छ व नेमकं मराठी' पडलेलं आहे. तेच लोक. हसतील. करून कुठे राहिलात?

उद्या.

२४ जुलै

मसुदा ड्रॉवरमध्ये. सुमननं दोनदा विचारलं, तुम्ही पत्र टाकलं का? टाकतो म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. बोलणंही कमी केलं आहे.

कारणं तयार आहेत. हस्तपुस्तिका झाली की आपल्या पोरांना फायदा. बैठकीत प्रत्यक्ष सांगणं बरं, लेखी नको. भाऊचा संच पुढच्या वर्षीही देता येईल. लिहून पाहिली तर एकेक कारण कसं शहाणं दिसतं.

९ ऑगस्ट

महिना झाला. आज शेवटचा दिवस होता. पोस्टावरून दोनदा गेलो. पत्र खिशात होतं.

खिशातच आहे.

२१ ऑगस्ट, अकोला

सांगायचं ठरवून गेलो. भाऊ ओसरीवर, नव्या कुडाच्या भिंतीला टेकून. भिंतीचं शेण पावसानं ओलं. आत फळीवर दहा-बारा सालदारांचे पत्रे कापून ठेवलेले, आता कशाला ठेवलेत कोण जाणे.

मी तोंड उघडायच्या आत त्यानं पेटीतून घडी काढली. माझ्या अहवालाची त्याची प्रत. घड्यांवर कागद फाटायला आला आहे, इतक्यांदा उघडलेला.

"पाह्य," म्हणाला, "चाळीसातून चाळीस. तू एकल्यानंच खरं लिवलं. सरकारी कागदावर आपल्या बोलीत लिवलं, मले लय बरं वाटलं."

मी कागद हातात घेतला.

"मंग काहून नाई म्हनलं त्यायनं? माह्या कागदावर निस्तं 'नामंजूर', कारन नाई. मोटर बंद होऊन रायली असं तू लिहून देल्लं. मंग अजून काय पायजे होतं? नाव पाह्यलं असंन, किसना. गुलाब वाकोडे. पाटीत खोट असती तं म्या दुरुस्त केली असती. नावाले कुठून स्प्रिंग लावू?"

वहिनी दारात उभी होती, आत निघून गेली.

नाव पाहून नाकारतात हे मी खोटं कसं म्हणू? माझ्याच वाट्याला दोनदा आलं आहे. पण यावेळी तसं नव्हतं. यावेळी मी होतो. आणि तो मलाच एकट्याला खरा म्हणत होता. एवढ्या मोठ्या दुखण्याला इतकं लहान कारण, एक क्रियापद, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायला माझी जीभ उचलली नाही. जेवलो. भाजी कसली होती आठवत नाही. परत आलो.

१८ सप्टेंबर, अमरावती

पुण्याहून काल परतलो. बैठक चांगली झाली. माणसं सभ्य आहेत, चहाला आग्रह करतात. बोलीभाषांचा विषय निघाला तेव्हा एकानं वऱ्हाडीची नक्कल केली: "मी जेवून राहिलो." सगळे हसले. द्वेष नव्हता त्यात, गंमत होती.

मीही हसलो. जरा उशिरा हसलो, पण हसलो.

भाऊच्या संचाचा विषय काढायची ती जागा होती. पुढ्यात चहा होता. प्यालो.

३० ऑक्टोबर

भाऊचं कार्ड, चार शब्द: "जिन चालू झाली. जातो."

२० नोव्हेंबर, अकोला

रविवार. निरोप आला म्हणून आलो. भाऊ खाटेवर उशांना टेकून बसलेला, आडवं होता येत नाही. पंधरा दिवस जिनमध्ये गेला, सोळाव्या दिवशी फाटकाशीच खाली बसला. केसांत, भुवयांत अजून कापूस. वहिनी म्हणाली, धुतलं तरी निंगत नाई.

खोकला असा की दोन शब्दांमध्ये माणूस वाट पाहतो. डॉक्टर सरकारी दवाखान्यात न्या म्हणतो. भाऊ नाही म्हणतो.

मला जवळ बोलावलं. "किसना, पाटी ठीक होती नं?"

"ठीक होती, भाऊ."

"मंग बस."

डोळे मिटले. तेवढंच हवं होतं त्याला. मी त्याचा हात धरून बसलो. सोल्डरिंगनं भाजलेल्या बोटांचे डाग तसेच आहेत, मला शिकवताना पडलेलासुद्धा एक आहे. मला स्वतःची किळस आली. सांगायला तोंड नव्हतं, आणि आता सांगणं म्हणजे त्याच्या छातीवर आणखी एक ओझं ठेवणं, असं मनाला समजावलं. हेही शहाणं कारण. आणखी एक.

निघताना वहिनी खाटेकडे पाहून म्हणाली, भाऊजी, तुमी आले का यायले बरं वाटते.

२२ नोव्हेंबर, अमरावती

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. सालदार तिथेच उभा होता, खांदा चेपलेला. नवे सेल घातले, एक लाल, एक हिरवी अशा खुंट्या लावल्या, चावी दिली. चालला. थांबला. चालला. थांबला. चाळीसपर्यंत मोजलं. सात महिने धूळ खाऊन तीन नंबर एकदाही चिकटला नाही.

तिथेच बसून दोन पत्रं लिहिली.

पुण्याला: वाक्य माझं, बोली माझी, चूक माझी. पाटी निर्दोष. महिन्याची मुदत माझ्या भ्याडपणामुळे गेली, बनवणाऱ्याचा दोष नाही. हस्तपुस्तिकेच्या कामाला मी योग्य आहे की नाही हे आपण ठरवावं. मसुदा केला नाही. एकदाच लिहिलं.

दुसरं भाऊला. जन्मात पहिल्यांदा वऱ्हाडी कागदावर उतरवली. प्रत्येक शब्दाला हात अडखळत होता, मास्तर आतून लाल शाईनं खोडत होता. इथे उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं लिहिलं नव्हतं:

"भाऊ, तुह्या पाटीत खोट नव्हती आन् तुह्या नावातबी नव्हती. तुहं नाव कोनी पाह्यलं नाई. वाक्य माहं होतं. तू सांगतलं ते म्या अर्धं शुद्ध केलं, त्याचा पुन्याले उलटा मतलब झाला. मोटर बंद झाली ते पुन्हा चालूच झाली नाई, असं त्यायनं वाचलं. मले जुलैपासून मालूम आहे. एक महिना होता दुरुस्त कराले. म्या केलं नाई, काहून का मले लाज वाटे. तू मले खरा म्हनला तवा म्या आयकून घेतलं. आता तुले जे म्हनाचं ते म्हन."

दोन्ही पेटीत टाकली. घरी येऊन सुमनला सांगितलं. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. जुलैनंतर पहिल्यांदा.

२६ नोव्हेंबर

त्या मार्चातल्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं. आता दहावीत आहे. म्हटलं, 'वळून राहिला' चूक नव्हतं. परीक्षेत लिहू नकोस, पण चूक नव्हतं. तिला वाटलं मी पुन्हा रागावतोय. बरं सर, म्हणून पळाली.

२ डिसेंबर

पुण्याचं उत्तर. अपेक्षेपेक्षा लवकर. 'मुदत संपली असली तरी आपले पत्र पुढील बैठकीपुढे ठेवण्यात येईल.' बैठक केव्हा, ते नाही. 'उपसमितीवरील आपल्या नावाबाबत स्वतंत्रपणे कळवू.'

म्हणजे हो नाही आणि नाही नाही. सरळ भाऊकडे पाठवावं का? नको. आधी त्याचं उत्तर येऊ दे. दहा दिवस झाले. अकोल्याचं टपाल दोन दिवसांत येतं.

५ डिसेंबर

दुपारच्या टपालानं कार्ड. वहिनीला लिहिता येत नाही, अक्षर शेजारच्या कुणाचं तरी, घाईचं.

"भाऊजी, तुमची चिठ्ठी भेटली. यांचा खोकला थांबून राहिला. तुमी येऊन जा."

एवढंच. चिठ्ठी भाऊनं वाचली, की कुणी वाचून दाखवली, की तशीच उशीखाली आहे, काही नाही. शिवी असती तरी चाललं असतं.

सुमननं वाचलं आणि म्हणाली, चला, उतार पडून राहिला म्हणायचा. तिनं दुसऱ्यांदा वाचलंसुद्धा नाही. मी वाचलं. खोकला थांबून राहिला. मग नको तेच झालं, ते वाक्य पुण्याच्या आवाजात कानात आलं. थांबला, आणि थांबलेलाच राहिला. कार्ड उलटून शिक्का पाहिला.

सुमन म्हणते, तसं काही असतं तर तार आली असती. खरं आहे. पण वहिनीकडे तारघरापर्यंत जाणारं आहे कोण? कार्डावर परवाचा शिक्का आहे.

हेडमास्तरांना रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'भावाची प्रकृती'. बडनेऱ्याहून पाचची पॅसेंजर. सालदार बरोबर घेतो आहे, खांदा जमेल तसा ठोकून सरळ केला. ढोलात खुंट्या लावलेल्या आहेत, लाल आणि हिरव्या. भाऊ बसला असेल तर त्याच्यासमोर चालवीन आणि तोंडानं सगळं सांगीन, चिठ्ठी वाचली असली तरी.

कार्ड खिशात आहे. गाडीत पुन्हा काढायचं नाही. वहिनी जशी बोलते तसंच ते वाचायचं, निदान अकोला येईपर्यंत.